शिदोरी बांधून मुंबई

मुंबई पाहायची तर आधी वही उघडावी लागते. ज्यांना ती लागत नाही ते भाग्यवान. त्यांच्यासाठी हा लेख नाही. आमच्यासारख्या खेड्यातल्या शाळामास्तराला मात्र मार्गशीर्ष लागला, मुलांचा सहलीचा धोशा सुरू झाला, की रात्री जेवणे आटोपल्यावर कंदिलाच्या नसेना, पण विजेच्या एका दिव्याखाली वही घेऊन बसणे भाग असते. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे पाहण्याची ठिकाणे, उजवीकडे खर्च. डावीकडची नावे मुले सांगतात, त्यामुळे ती भराभर वाढतात. उजवीकडचे आकडे मी मांडतो. मग बेरीज होते, आणि बेरीज झाली की डावीकडचे एकेक नाव खोडणे सुरू होते.

अशी खोडाखोड करताना एकदा मनात आले, की हे काम करणारा मी काही पहिलाच नव्हे. गाठीला थोडे पैसे आणि मनात मोठी हौस घेऊन मुंबई पाहायला गेलेल्या माणसांची रांग दीडशे वर्षांहून जुनी आहे. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गव्हर्नरांच्या, गिरणीमालकांच्या आणि दानशूर शेटियांच्या हकीगती लिहिल्या. परंतु दशमीचे गाठोडे काखेत मारून बोरीबंदरावर उतरलेल्या आणि चार दिवसांनी परत गेलेल्या माणसाची नोंद कोणी ठेवावी? त्याने स्वतः ठेवली नाही, कारण त्याला बहुधा लिहिता येत नव्हते. तेव्हा त्याचा माग काढायचा तो आडवाटेने: रेल्वेच्या, ट्रामच्या, धर्मशाळांच्या आणि बागांच्या इतिहासातून.

मौज अशी की या शहराचा आरंभच काटकसरीच्या भाड्यातून झाला आहे. पोर्तुगिजांनी १६६१ च्या विवाहाच्या तहाने हे बेट इंग्रज राजाला आंदण दिले, आणि त्या राजाने १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. त्यानंतर मात्र मुंबईत कोणतीही गोष्ट स्वस्त राहिल्याचे ऐकिवात नाही.

१८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. या शहरावरचा मराठीतला हा पहिला मोठा ग्रंथ. माडगावकर मूळचे गोव्याकडचे आणि पेशाने शिक्षक, हे वाचून मला उगीचच बरे वाटले. बाहेरून आलेल्या मास्तराच्या डोळ्यांनीच शहर नीट दिसते असा माझा एक समज आहे. तो खरा की आपमतलबी हे वाचकांनी ठरवावे. दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, माडगावकर वारले. पुढे १८८९ साली बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे या जोडीचा ‘मुंबईचा वृत्तांत’ निघाला. ही दोन्ही पुस्तके मी शेजारी शेजारी ठेवली आणि मधल्या सव्वीस वर्षांत मुंबईत काय काय उभे राहिले याची टिपणे काढू लागलो. काढता काढता लक्षात आले, की ही तर माझ्या वहीतली डावीकडची यादी!

राणीची बाग १८६२ सालची. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे. भायखळ्याचे म्युझियम १८७२ चे. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. मलबार हिलवरच्या पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर १८८१ मध्ये बाग झाली, तिला हँगिंग गार्डन म्हणतात. (ही बाग लोंबकळत असेल या आशेने जाणारी मुले दरवर्षी हिरमुसतात. त्यांचे चुकत नाही, नाव ठेवणाऱ्याचे चुकले.) बोरीबंदरची ती राजवाड्यासारखी इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ मध्ये आरंभली आणि दहा वर्षांनी पुरी केली. पुढे गेटवे ऑफ इंडियाची भर पडली १९२४ मध्ये, तारापोरवाला मत्स्यालयाची १९५१ मध्ये आणि ‘म्हातारीच्या बुटा’ची १९५२ मध्ये. पण यादीचा गाभा तो जुनाच. आज सातवीतले पोर जी मुंबई पाहायला मागते, ती मुख्यतः या पंचवीस-सव्वीस वर्षांत घडलेली आहे.

आणि ती घडवण्यासाठी पैसा कोठून आला? अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षे मुंबईत पैशांचा पूर लोटला. १८६५ मध्ये यादवी मिटताच तो ओसरला, आणि ज्या प्रेमचंद रायचंदांनी टॉवरसाठी देणगी देऊन त्याला आपल्या आईचे नाव दिले, तेही त्या पडझडीत सापडले. तेव्हा तो टॉवर मान वर करून पाहणाऱ्या शेतकऱ्याने आपण फुकट काही पाहत आहोत असे मनात आणायचे कारण नाही. त्याच्या आज्या-पणज्याने कापूस पिकवून आपले तिकीट आधीच काढून ठेवले आहे.

आता प्रवासाचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली; चौदा डबे आणि चारशे पाहुणे. हे सगळे पाठ्यपुस्तकात असते, म्हणून लांबवत नाही. आम्हा घाटावरच्या लोकांना महत्त्वाचे साल म्हणजे १८६३, कारण त्या वर्षी बोरघाटातून लोहमार्ग पुरा झाला. त्याआधी पाच वर्षे मोठी मजेची स्थिती होती. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी, खाली खोपोलीपासून मुंबईपर्यंत दुसरी गाडी आणि मधला घाट ज्याचा त्याने उतरायचा. पैसेवाले पालखीत बसून उतरत, मधले तट्टावर बसून, आणि बाकीचे पायांनी. सहलीच्या खर्चातून पहिली रक्कम वाचवण्याची जागा तीच. पालखी खोडली की घाट फुकट.

घाट फुटला आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्याने गरिबाला मुंबई दाखवली. हे उपकार खरे, पण ते कसे केले गेले हेही विसरू नये. महात्माजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर स्वतंत्र टिपण लिहिले. मुंबईहून मद्रासला जाताना बावीस जणांच्या डब्यात किती माणसे कोंबली होती आणि घाण कशी होती, हे त्यांनी वकिली नेमकेपणाने मांडले आहे. रेल्वेला उत्पन्न मुख्यतः या वर्गाचे, आणि सोयी मात्र वरच्या वर्गाला. पुढे १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर ‘डेक्कन क्वीन’ धावू लागली. तिच्या कौतुकाचे लेख पुष्कळ वाचले असतील. पण त्या राणीला तिसऱ्या वर्गाचा डबा लागला तो १९५५ मध्ये! पंचवीस वर्षे आमच्या गावच्या माणसांनी ती फाटकाशी उभे राहून जाताना पाहिली. हेही एक प्रेक्षणीय स्थळच, आणि तेही फुकटात.

पैसे वाचवण्याची दुसरी युक्ती म्हणजे रात्र गाडीत काढणे. संध्याकाळी निघायचे, पहाटे उतरायचे, नळावर तोंड धुऊन शहर पाहायला लागायचे. एका रात्रीचा मुक्काम वाचतो. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईत आले आणि पुढे रस्तोरस्ती नळ झाले, ही गोष्ट पाहुण्याच्या दृष्टीने कोणत्याही मनोऱ्यापेक्षा मोठी. मी आजही सहलीची बस रात्री दहाला काढतो ती याच हिशेबाने. मुलांना वाटते गुरुजींना रात्रीच्या प्रवासाची आवड आहे.

मुक्काम हा या सबंध प्रकरणाचा मर्मबिंदू. पाहायला पैसे लागत नाहीत, टेकायला लागतात. श्रीमंतासाठी हॉटेले होती. एस्प्लनेडवरच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा तिकीट एक रुपया होते. त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबाच्या सहलीचा केवढा तरी भाग! पण थोड्याच दिवसांत नॉव्हेल्टी थिएटरात तोच खेळ लागला आणि चार आण्यांचीही तिकिटे निघाली. मुंबईचा हा गुण मान्य केला पाहिजे: तिथे प्रत्येक नवलाई आधी रुपयाची असते आणि लवकरच चार आण्यांची होते. दुर्दैव असे की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला, आणि पाहायला येणे दूरच, असलेली माणसे गाव गाठू लागली. स्टेशनांवर उतारूंना उभे करून काखा-जांघा तपासण्याचे ते दिवस. त्या तपासणीची धास्ती आमच्याकडे पुढे दोन पिढ्या टिकली होती.

असो. गरिबाला टेकायला धर्मशाळा होत्या. सी. पी. टँकजवळचे माधवबाग आणि त्याच बाजूला शेठ माणेकचंद हिराचंद यांनी १९०५ मध्ये बांधलेली हिराबाग, ही नावे जुन्या लोकांच्या तोंडी असत. धर्मशाळेची रीत यात्रेच्या क्षेत्रावरून आलेली. तीन दिवस राहा, आपला शिधा आपण शिजवा, पुढे वाट धरा. आपल्याकडे ‘पाहायला जाणे’ हे ‘दर्शनाला जाणे’ याच्याच पोटातून निघाले आहे. खेड्यातला माणूस नुसती मुंबई पाहायला जातो म्हणाला असता तर चारचौघांनी त्याला उधळ्या ठरवला असता. म्हणून मुंबादेवी, वाळकेश्वर, बाणगंगा, महालक्ष्मी ही नावे पुढे करायची, आणि देवदर्शनाच्या वाटेवर जे दिसेल ते पाहायचे. बायकांना तर एवढीही मुभा नव्हती. माझ्या आजीने मुंबई एकदाच पाहिली, तीही डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेली तेव्हा. एका डोळ्यावर पट्टी होती. उरलेल्या डोळ्याने तिने महालक्ष्मी आणि समुद्र पाहिला, आणि पुढे पंचवीस वर्षे ती त्या समुद्राविषयी बोलत असे. पुरुषांनी चार दिवसांत पाहिलेल्या मुंबईपेक्षा तिची अर्ध्या दिवसाची मुंबई मला अधिक भरीव वाटे.

पण धर्मशाळेपेक्षाही मोठा आसरा मुंबईत होता, आणि त्याचे नाव कोणत्याही मार्गदर्शिकेत छापलेले नसे. तो म्हणजे गिरणगावातली गावकऱ्यांची खोली.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची जुळणी केली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. मग गिरण्यांच्या चिमण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, साताऱ्याकडून माणूस तिकडे लोटला. लालबाग, परळ, नायगाव, वरळी इथल्या चाळींत एकेका गावाने खोली धरली. दहा बाय बाराच्या जागेत वीस-वीस माणसे. पण एका वेळी निम्मीच. पाळीप्रमाणे अंथरूण वापरायचे, जेवायला खानावळवालीकडे महिन्याचा रतीब. गोव्याच्या लोकांनी धोबीतलाव-माझगावकडे आपापल्या गावांचे ‘कूड’ काढले, त्यातलीही कल्पना हीच. गावाहून कोणी आला, तर रात्रपाळीला गेलेल्याची वळकटी त्याची. पैसे कोणी मागायचे नाहीत. पाहुण्याने येताना कुळीथ, शेंगा, गुळाची ढेप किंवा कोणाच्या आईने दिलेली चटणी आणायची आणि घरचा निरोप सांगायचा. चार दिवसांचा मुक्काम एवढ्यावर भागे.

आमचे आजोबा १९३८-३९ च्या सुमारास असेच गेले. आमचे गाव नीरा-लोणंदच्या बाजूचे. तेव्हा तिकडे मीटरगेज लोहमार्ग होता, म्हणजे पुण्याला गाडी बदलावी लागे. लालबागला चुलतभावाची खोली. आजोबा सांगत, “चार दिवस मी ज्याच्या घोंगडीत निजलो, त्या माणसाचं तोंड मी पाहिलं नाही. मी उठायच्या आत तो यायचा नाही, आणि तो निजायच्या वेळी मी राणीच्या बागेत.” इतिहासाच्या पुस्तकांत मी गिरणगावाबद्दल पुष्कळ वाचले, पण घोंगडीचे हे वाक्य मला अजून कुठे भेटलेले नाही.

राणीची बाग हा गरिबाच्या मुंबईचा केंद्रबिंदू. शेतकी-बागायतीच्या एका सोसायटीने ती घडवली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती उघडली. १८७३ मध्ये बाग म्युनिसिपालिटीकडे आली आणि १८९० मध्ये तिथे पशुपक्ष्यांची भर पडली. शेजारचे म्युझियम २ मे १८७२ रोजी उघडले. त्याच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचा हात मोठा. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचेच नाव आहे. या संग्रहालयात मातीच्या लहान लहान बाहुल्या काचेत मांडल्या आहेत: निरनिराळ्या जातींची, धंद्यांची, पोशाखांची माणसे, खेळ, अवजारे. साहेबाला हा देश एका दालनात समजावा म्हणून केलेली ती मांडणी. तिथे माझे आजोबा काचेला नाक लावून उभे राहिले असतील तेव्हा काचेच्या अलीकडे एक शेतकरी आणि पलीकडे एक शेतकरी, असा तो देखावा झाला असेल. त्यांना मात्र त्यात खटकण्यासारखे काही वाटले नाही. “बैलाचं वशिंड चुकलं होतं,” एवढाच त्यांचा आक्षेप.

त्याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. हा हत्ती घारापुरी बेटावर उभा होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोके निखळून पडले, पुढे धडही ढासळले. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचे घाटले, तर उचलण्याची यारीच मोडली! म्हणून तो इथे राहिला. तुकड्यांचा ढीग बागेत आणून ठेवला होता, तो १९१४ मध्ये जोडून पुन्हा हत्ती उभा केला. माझ्या लेखी या शहराच्या इतिहासातला हा एक अत्यंत उपकारक अपघात आहे. कारण घारापुरीला जायचे तर पालवा बंदरावरून पडावाचे, पुढे लाँचचे भाडे आले. आणि हत्ती मात्र भायखळ्याला चालत गेले की दिसतो. आजोबांनी घारापुरी खर्चातून वगळली, हत्ती पाहिला, आणि “घारापुरी पाहिली” असे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांना खोटे कसे म्हणावे? घारापुरीच त्यांना भेटायला तिथवर आली होती.

ट्रामचेही असेच. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत. आरंभी भाडे तीन आणे होते आणि तिकिटे दिलीच जात नसत. गर्दी वाढली तसे ते दोन आण्यांवर आले. मग लोक फुकट बसू लागले म्हणून तिकिटे छापावी लागली. हा क्रम मला फार मनोज्ञ वाटतो. वीस गाड्या आणि दोनशे घोडे एवढ्यावर निघालेल्या त्या कंपनीजवळ शेवटी १,३६० घोडे होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी बस आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. आजोबा ट्राममध्ये एकदाच बसले. कोठे जाण्यासाठी नव्हे, बसण्यासाठी. टोकाला उतरले आणि त्याच रुळांच्या कडेकडेने चालत परत आले. हिशेब बरोबर आहे. अनुभव एकच, तो एकदा विकत घ्यायचा. परतीचा तोच अनुभव दुसऱ्यांदा पैसे देऊन कशाला घ्या?

आमच्या सहलींना मात्र तो गिरणगावचा आसरा मिळाला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर कधी मिटला असे म्हणताच येत नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, माणसे गावी परतली, चाळींच्या जागी मनोरे आले. या घटनेचे अर्थशास्त्र आणि राजकारण जाणत्यांनी लिहिले आहे. मी एक लहानसा परिणाम नोंदवतो, जो कोठे लिहिलेला दिसत नाही. त्या संपानंतर घाटावरच्या आणि कोकणातल्या शेकडो गावांची मुंबईतली फुकटची वळकटी गेली. लालबागची आमच्या गावची खोली त्यातच गेली. चुलत आजोबांचा मुलगा परत येऊन शेती पाहू लागला. त्याने आणलेली ट्रंक आमच्या पडवीत होती. तोपर्यंत गरीब माणसाची मुंबई-सहल ‘पाहण्यासाठी किती लागतील?’ या प्रश्नापाशी थांबे. तेव्हापासून ती ‘राहायचे कुठे?’ या प्रश्नाशी अडते, आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. म्हणून आमची सहल एका दिवसाची. रात्री निघणे, दिवसभर पाहणे, रात्री परत.

एस.टी.ची शालेय सहलीची निम्म्या भाड्याची सवलत आहे, तिच्यावर सगळा डोलारा. उरलेल्यात शहरातली वाहतूक, फी आणि एक वेळचा वडापाव. बेस्टने २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा माझ्या वहीची उजवी बाजू चक्क हसली होती. २०२५ च्या मे महिन्यात ते दहा झाले. जुनी लाल दुमजली बस १९३७ पासून धावत होती, ती २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेली. वरच्या मजल्यावरच्या पुढल्या बाकासाठी मुलांची जी मारामारी होई, ती मिटवण्याचे माझे काम वाचले, पण चैन पडत नाही. आता विजेवरची दुमजली गाडी आहे. मुले म्हणतात, काच उघडत नाही.

राणीच्या बागेची गोष्ट मात्र मनाला लागलेली आहे. तिथे पाच रुपयांत मोठे माणूस आत जात असे. पेंग्विन आले, आणि १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्या माणसाला पन्नास रुपये आणि लहान मुलाला पंचवीस झाले. आईबाप आणि दोन मुले मिळून शंभर. पेंग्विनांना थंड ठेवायला पैसे लागतात हे मला कळते. बागेची निगा सुधारली हेही डोळ्यांना दिसते. शहरातल्या माणसाला शंभर रुपये फार नाहीत, हेही खरे असेल. पण आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या बापाने सहलीची वर्गणी ऐकून माझ्यापुढे हात जोडले आणि म्हटले, “मास्तर, तेवढ्यात आमचं आठवड्याचं भागतंय.” त्या माणसापुढे मी १८६२ सालचा इतिहास कसा उघडू? ही बाग गरिबाच्या मुंबईचे पहिले पान होते. ते पान महाग झाले म्हणजे पुढची फुकटची पाने चाळायला तरी कोण येणार? त्या मुलाचे पैसे आम्ही शिक्षकांनी वाटून घातले. दरवर्षी घालता येतात असे नाही.

आता माझी एक चूक सांगतो, कारण मास्तरांच्या चुका मुलांना पाठ असतात आणि ती आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी मी सहल काढली ती बुधवारी. भाडे जुळवले, शिदोऱ्या बांधून घेतल्या, रात्रीची बस धरली, आणि सकाळी एक्केचाळीस मुलांसह भायखळ्याला राणीच्या बागेच्या फाटकाशी उभा राहिलो. फाटक बंद! बुधवारी बाग बंद असते, आणि शेजारचे म्युझियमही. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे मी वहीत लाल शाईने लिहिले होते; पण ज्या ठिकाणी आम्ही खरोखर जाणार होतो त्याचा वार पाहायचा राहिला. मुले काही बोलली नाहीत. हेच वाईट. एक मुलगी तेवढी म्हणाली, “गुरुजी, हत्ती पण बंद का?”

आम्ही फाटकासमोरच्या कडेला बसून दशम्या खाल्ल्या. मग लोकलने बोरीबंदर गाठले आणि तिथून पायी निघालो. स्टेशनची इमारत, समोरची महापालिका, पुढे हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, काळा घोडा, म्युझियमचा घुमट, आणि शेवटी गेटवे. दीड-पावणेदोन मैलांचा रस्ता, आणि एका पैचा खर्च नाही. चालता चालता मी एकेकाचे साल सांगत गेलो. म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये बसली आणि ते उघडले १९२२ मध्ये, कारण मध्ये महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होते. गेटवेच्या कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्या शिपायांची शेवटची तुकडी निघून गेली. मुलांनी ही साले कितपत ऐकली कोण जाणे. कबुतरे फार होती. पण समुद्र दिसला तेव्हा ती एकदम गप्प झाली, आणि मला आजीचा उघडा डोळा आठवला.

बागेच्या फीचे पैसे तसेच उरले होते. परतताना ते मुलांना वाटून द्यावे की कोठे खर्चावे याचा खल झाला. मुलांनीच ठराव केला: लोकलमध्ये पुन्हा बसायचे. चर्चगेटहून दादरपर्यंत गेलो, खिडक्यांशी आळीपाळीने उभे राहिलो, आणि महालक्ष्मी ओलांडताना मी बंद गिरण्यांच्या जागा दाखवल्या. उरलेल्या एकदोन चिमण्यांपैकी एक दिसली. “तिथे कोण राहतं, गुरुजी?” असे कोणी विचारले. आता त्या बाजूला आपल्या ओळखीचे कोणी राहत नाही, असे मी सांगितले.

यंदा गुरुवार धरला आहे. वार तीनदा पडताळला. मुख्याध्यापकांनी चौथ्यांदा पडताळला. राणीची बाग, हत्ती, म्युझियमच्या बाहुल्या, मग लोकल आणि पायी गेटवे. मुलांनी लाँचसाठी हट्ट धरला होता, म्हणून दोन वेळा बेरीज करून पाहिली. माणशी चौतीस रुपये जास्त होतात. घारापुरी पुन्हा खोडली आहे.